चारही चाकांचें सारथ्य

मोटारींची शर्यत म्हटली म्हणजे आपल्या मनापुढें वेगाचें चित्र उभें राहतें. धुळीचे लोट, कानठळ्या बसविणारा इंजिनांचा घोष आणि पाहतां पाहतां दृष्टीआड होणाऱ्या गाड्या! परंतु मोटारचालकांच्या जगांत दुसऱ्याही एका प्रकारचा मेळावा भरत असतो. तेथें गाडी पुष्कळदां माणसाच्या चालीपेक्षांही हळू चालते. बक्षीस म्हणजे बहुधा एखादा लहानसा चषक, आणि कित्येकदां तोही नसतो. एका स्पर्धकाची गाडी चिखलांत रुतली तर तिला ओढून काढावयास दुसरा स्पर्धकच प्रथम धांवतो. जीप, लँडरोव्हर यांसारख्या, चारही चाकांना इंजिनाची शक्ति पोंचविणाऱ्या गाड्यांच्या हौशी मंडळांचा हा सारथ्य-कौशल्याचा दिवस होय. इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया या देशांत तो रूढ आहे आणि आपल्या सह्याद्रीच्या कुशींतही त्याचे पडसाद उमटले आहेत. या खेळाचा इतिहास आज आपणांपुढें थोडक्यांत मांडावयाचा आहे. वरवर पाहतां हा फावल्या वेळचा छंद दिसतो; परंतु त्यांत माणसांच्या जीविताशीं निगडित असें एक शिक्षण दडलेलें आहे.

प्रथम एका शब्दाची कुळकथा पाहूं, कारण तो शब्द आपल्या घरचा आहे. मैदानी खेळांच्या संस्थेस आपण जिमखाना म्हणतों. बॉम्बे जिमखाना १८७५ सालीं निघाला, पुण्याचा डेक्कन जिमखाना १९०६ सालीं. यूल आणि बर्नेल या दोन इंग्रज पंडितांनीं १८८६ सालीं 'हॉब्सन-जॉब्सन' हा हिंदुस्थानांतील इंग्रजी बोलीचा कोश प्रसिद्ध केला. या शब्दाचा आपणांस लागलेला पहिला माग १८६१ सालचा व रुडकी येथील आहे, असें त्यांनीं त्यांत नमूद केलें आहे. चेंडू खेळावयाच्या जागेस गेंदखाना म्हणत. त्यांतील 'गेंद' जाऊन इंग्रजी 'जिम्नॅस्टिक्स'चें पहिलें अक्षर त्या जागीं बसलें असावें, असा त्यांचा तर्क. पुढें छावण्यांतून घोडेस्वारांचे जे गमतीचे व कसबाचे खेळ होत, त्यांसही जिमखाना हेंच नांव पडलें. ओळीनें रोवलेल्या काठ्यांमधून घोडा नागमोडी काढणें, चमच्यांत अंडें घेऊन तें न पाडतां घोडा चालविणें, असे ते खेळ. तेथें घोड्याच्या दौडीइतकाच स्वाराचा हात पाहिला जाई.

हा शब्द गोऱ्या शिपायांबरोबर विलायतेस गेला. कालांतरानें घोड्याच्या जागीं मोटार आली, पण काठ्यांमधून नागमोडी वळणें घेण्याचा खेळ तसाच राहिला. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथें त्या खेळास 'मोटरखाना' म्हणतात. मोकळ्या मैदानांत निशाणें रोवून ठेवावयाचीं, ठरवून दिलेल्या वाटेनें पुढें-मागें वळत गाडी न्यावयाची आणि निशाणास धक्का लागला तर दंड सोसावयाचा. आपल्याकडील गेंदखान्याचा 'खाना' असा सातासमुद्रांपलीकडे मोटारीस जाऊन चिकटला आहे, हें ऐकून कोणाही मराठी श्रोत्यास कौतुक वाटावें.

या खेळाचें दुसरें मूळ इंग्लंडांतील भरंवशाच्या चाचण्यांत सांपडतें. १९०० सालीं मोटार हें श्रीमंतांचें लहरी खेळणें समजलें जात होतें. तें मत बदलावें म्हणून तेथील ऑटोमोबाइल क्लबानें हजार मैलांची एक चाचणी योजली. २३ एप्रिल रोजीं ६५ गाड्या लंडनहून निघाल्या आणि ब्रिस्टल, मँचेस्टर, एडिंबरो अशी यात्रा करून १२ मे रोजीं परत आल्या; अर्थात् कित्येक वाटेंतच राहिल्या. वेगास कायद्यानेंच मर्यादा घातली होती. त्यामुळें पुढें कोण गेला यापेक्षां शेवटपर्यंत कोण टिकला यालाच किंमत आली. पुढें रस्ते सुधारले, यंत्रेंही सुधारलीं, आणि साध्या रस्त्यावर टिकून राहणें ही परीक्षा उरली नाहीं. तेव्हां हौशी मंडळींनीं मुद्दाम वाईट वाटा शोधून काढल्या. १९१४ सालीं यॉर्कशायरमधील मोटारसायकलींचे कारखानदार अल्फ्रेड स्कॉट यांनीं आपल्या कामगारांसाठीं खडकाळ माळरानांतून आणि ओढ्यांतून अशी एक चाचणी ठेवली. त्यांच्या नांवानें ती पुढेंही चालू राहिली. अशा चाचण्यांत वाटेचे कांहीं अवघड तुकडे आंखून देतात. तेथें परीक्षक उभा असतो, आणि स्वारानें पाय जमिनीस टेकविला किंवा गाडी थांबली कीं त्याचे गुण जातात. आजच्या सारथ्य-दिवसाच्या गुणदानाचें मूळ येथें आहे.

तिसरा धागा चार चाकांच्या शक्तीचा. ही कल्पना जीपपेक्षां पुष्कळ जुनी आहे. ब्रामा जोसेफ डिप्लॉक या इंग्रज अभियंत्यानें १८९३ सालीं वाफेच्या ओढगाडीसाठीं तिचें पेटंट घेतलें. हॉलंडमधील स्पायकर बंधूंनीं १९०३ सालीं पेट्रोलवर चालणारी तशी मोटार बांधली. पहिल्या महायुद्धांत अमेरिकेंतील विस्कॉन्सिन प्रांतांत तयार झालेल्या अशा मालमोटारी युद्धभूमीच्या चिखलांत राबल्या. परंतु सामान्य चालकाच्या हातीं ही शक्ति येण्यास आणखी एका युद्धाची वाट पाहावी लागली.

त्या युद्धाकडे वळण्यापूर्वीं एका विलक्षण हौशी मंडळाची आठवण केली पाहिजे. १९२० नंतरच्या दशकांत इजिप्तमध्यें असलेले राल्फ बॅग्नोल्ड आणि त्यांचे कांहीं इंग्रज अधिकारी मित्र रजेच्या दिवसांत, स्वतःच्या खर्चानें, साध्या फोर्ड मोटारी घेऊन लिबियाच्या वाळवंटांत हिंडूं लागले. त्यांच्या गाड्यांत शक्ति होती ती फक्त मागच्या दोन चाकांना. तरीही जेथें उंटांचे तांडेही फिरकत नसत, अशा वाळूच्या डोंगरांत ते शिरले. टायरांतील हवा कमी केली म्हणजे टायर पसरतो, गाडीचें ओझें अधिक जागेवर विभागलें जातें आणि चाक वाळूंत कमी रुततें, याचा त्यांनीं पद्धतशीर उपयोग केला. चाक रुतलेंच तर त्याखालीं सरकविण्यास पोलादी पन्हळी त्यांनीं जवळ बाळगल्या. या पन्हळी मुळांत पहिल्या महायुद्धांत खंदकांवरील छपरांसाठीं बनविल्या होत्या. उकळून वाफ होणारें इंजिनाचें पाणी वायां जाऊं नये म्हणून ती वाफ एका डब्यांत नेऊन थंड करण्याची युक्ति त्यांनीं काढली. होकायंत्र गाडीच्या लोखंडानें चकतें, म्हणून सूर्याच्या सांवलीवरून दिशा दाखविणारें यंत्र बॅग्नोल्ड यांनीं तयार केलें. १९३० सालीं वादी हाल्फा येथें या मंडळींनीं 'झेर्झुरा क्लब' स्थापन केला. झेर्झुरा म्हणजे दंतकथांतील एक हरवलेलें हिरवें बेट. त्या नांवावरूनच या मंडळाची मौजेची वृत्ति ध्यानीं येते.

परंतु १९४० सालीं युद्ध इजिप्तच्या वेशीशीं आलें, तेव्हां या मौजेचें मोल सैन्यास कळलें. सेनापति वेव्हेल यांच्या अनुमतीनें बॅग्नोल्ड यांनीं 'लाँग रेंज डेझर्ट ग्रुप' हें पथक उभारलें. क्लबांतील जुने सोबती त्यांत आले, न्यूझीलंडचे शेतकरी-शिपाई आले. पुढें हिंदी घोडदळांतील जवानांचेंही एक लांब पल्ल्याचें पथक त्यांच्या जोडीस आलें. या पथकास १९४१ सालीं चारही चाकांना शक्ति असलेल्या फोर्ड मालमोटारी देण्यांत आल्या होत्या. त्या वजनदार होत्या आणि पेट्रोल फार पीत. पुढल्या वर्षीं पथकानें पुन्हां दोन चाकांच्या शक्तीच्या शेव्हरोलेट गाड्या घेतल्या. जमिनीची पारख आणि हाताचें वळण ज्यांना आहे, त्यांना दोन चाकेंही पुरतात, हें यावरून दिसून येतें.

इकडे १९४० च्या उन्हाळ्यांत अमेरिकन सैन्यानें एका हलक्या टेहळणी-गाडीची मागणी १३५ कारखान्यांकडे धाडली. मुदत इतकी तोकडी होती कीं पुढें आल्या त्या दोनच कंपन्या, बँटम आणि विलीज-ओव्हरलँड. पेनसिल्व्हानियांतील बटलर या गांवच्या छोट्या बँटम कंपनीसाठीं कार्ल प्रोब्स्ट यांनीं आराखडा केला आणि ४९ दिवसांच्या मुदतींत, २३ सप्टेंबर १९४० रोजीं, पहिली गाडी सैन्याच्या हवालीं झाली. पुढें विलीज व फोर्ड या कारखान्यांनीं युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनविल्या. युद्ध संपल्यावर त्यांतील कित्येक शेतकऱ्यांच्या व हौशी लोकांच्या हातीं आल्या. अशीच एक जुनी जीप वेल्सच्या किनाऱ्यावरील अँगल्सी बेटांत रोव्हर कंपनीच्या मॉरिस विल्क्स यांच्या शेतावर राबत होती. तिच्यावरून त्यांना स्वतःची गाडी बनविण्याची स्फूर्ति झाली. पोलादाची टंचाई असल्यामुळें तिचें अंग ॲल्युमिनियमच्या मिश्र धातूचें केलें, आणि ३० एप्रिल १९४८ रोजीं ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनांत लँडरोव्हर प्रथम लोकांपुढें आली.

गाड्या लोकांच्या हातीं आल्या, तेव्हां ओघानें मंडळें निघालीं. १९५३ सालीं कॅलिफोर्नियांतील जॉर्जटाउन गांवच्या लोकांनीं सिएरा नेवाडा पर्वतांतील रुबिकॉन या खडकाळ वाटेनें जीपगाड्यांची सहल काढली. मार्क स्मिथ हे तिचे एक प्रमुख चालक. ५५ गाड्या आणि १५५ माणसें तींत होतीं. इंग्लंडांत लँडरोव्हरच्या मालकांनीं चाचण्यांची जुनी परंपरा उचलली. ऑस्ट्रेलियांत वाळवंट दारांशींच. तेथील मंडळांनीं नव्या सभासदांच्या शिक्षणाकडे विशेष लक्ष पुरविलें.

आतां प्रत्यक्ष तो दिवस कसा साजरा होतो तें पाहूं. एखाद्या शेतकऱ्याची पडीक जमीन किंवा जुनी खाण सभासद भाड्यानें अगर विनंतीनें मिळवितात. तींत चढ, उतार, ओहोळ, झाडी पाहून कांहीं वाटा आंखल्या जातात. वाटेवर बांबूच्या दोन दोन काठ्या रोवून दरवाजे केलेले असतात. त्यांना उतरते क्रमांक असतात. पहिल्यास दहा, तर शेवटच्यास एक. जेथें गाडी थांबेल किंवा काठीस तिचा स्पर्श होईल, त्या दरवाजाचा आंकडा हा त्या चालकाचा दंड. निर्दोष पार पडला त्याला शून्य. दिवसअखेर ज्याच्या नांवावर सर्वांत कमी आंकडे तो पहिला. चालकांनीं आधीं पायीं फिरून वाट पाहावी असा रिवाज आहे. परीक्षकही सभासदांतलेच, सकाळीं जो गाडी हांकतो तोच दुपारीं काठ्यांशेजारीं वही घेऊन उभा राहतो. याखेरीज करमणुकीचेही खेळ असतात. गाडीच्या टपावर पाण्यानें भरलेली बादली ठेवून खांचखळग्यांतून जावयाचें आणि कोणाचें पाणी कमी सांडलें तें पाहावयाचें. लांकडी तराफ्याच्या मध्याखालीं टेकू देऊन तो तराजूच्या दांडीसारखा तरता ठेवतात व गाडी त्यावर चढवून तो समतोल राखावयाचा. दोन गाड्या सुतळीनें बांधून ती न तुटतां न्यावयाच्या. लहान मुलें हंसतात, बायामाणसें चहाची व्यवस्था पाहतां पाहतां स्वतःही चाकामागें बसतात, आणि पुष्कळदां पुरुषांपेक्षां कमी दंड घेऊन उतरतात!

या खेळांतून काय शिकावयाचें, हा खरा प्रश्न आहे. पहिला धडा असा कीं चारही चाकांना शक्ति आहे म्हणून चारही चाकें नेहमीं ओढतातच असें नाहीं. वळणावर आंतल्या व बाहेरच्या चाकांना निरनिराळें अंतर तोडावें लागतें. म्हणून प्रत्येक आंसावर डिफरन्शियल नांवाची दांतेरी चक्रांची योजना असते. पण तिचा स्वभाव असा कीं जें चाक अधिक सहज फिरतें तेंच ती फिरवीत बसते. खड्ड्यांमुळें गाडी तिरपी होऊन पुढलें उजवें आणि मागलें डावें चाक अधांतरीं लोंबलें, तर तीं दोन चाकें हवेंत गरगर फिरतात आणि जमिनीवरील दोन स्वस्थ राहतात. अशा वेळीं पेट्रोल वाढवून कांहीं साधत नाहीं. कोणत्या दगडावर कोणतें चाक ठेवावें हें आधींच ठरवावें लागतें. दुसरा धडा उताराचा. तीव्र उतारावर नवखा मनुष्य ब्रेकवर सर्व भार टाकतो. चाकें फिरावयाचीं थांबतात, गाडी घसरूं लागते आणि सुकाणूचा ताबा सुटतो. जाणता चालक खालच्या पट्टींतील पहिला गिअर घालून इंजिनालाच गाडी आंवरूं देतो. तिसरा धडा सर्वांत महत्त्वाचा, आणि तो अपयशाचा. चढावर गाडी अर्ध्यावर थांबली तर वळून परत येण्याचा मोह होतो. परंतु आडवी झालेली गाडी उलटते. ब्रेक दाबून धरावा, उलटा गिअर घालावा, आणि जशी वर गेली तशीच सरळ रेषेंत तिला मागें उतरवावी. सुकाणू धरतांना अंगठे चक्राच्या आंत गुंतवूं नयेत, हेंही तेथेंच कळतें. दगडावर चाक आपटलें कीं सुकाणू हिसका देतें आणि अंगठा मोडतो. 'शक्य तितकें हळू, आवश्यक तितकें जलद' हें या मंडळींचें सूत्र आहे. खडकावर त्याचा पूर्वार्ध उपयोगी, वाळूच्या टेंकडीवर उत्तरार्ध. कोणता अर्ध केव्हां लावावा हें ओळखण्यांतच सारें कसब आहे.

रुतलेली गाडी काढणें हा या दिवसाचा गंभीर भाग. त्यासाठीं रबरासारखे ताणले जाणारे जाड पट्टे वापरतात. ओढणारी गाडी पुढें गेली कीं पट्टा ताणतो आणि सांठलेल्या शक्तीनें रुतलेली गाडी उसळून बाहेर येते. पण तो पट्टा जर मागें जोडगाडी अडकविण्याच्या लोखंडी गोळ्यास बांधला, तर त्या ओढीनें गोळा तुटतो आणि तोफेच्या गोळ्याप्रमाणें सुटतो. ऑस्ट्रेलियांत या एका अज्ञानापायीं माणसें प्राणांस मुकलीं आहेत. म्हणून तेथील कायद्यानें पट्ट्यावर सावधगिरीची सूचना छापणें बंधनकारक केलें आहे. मंडळाच्या दिवशीं मात्र नवख्याच्या शेजारीं कोणीतरी जाणता उभा असतो. 'येथें नको, चौकटीच्या त्या कडीस बांधा' असें तो सांगतो, बघ्यांना दूर सारतो आणि मगच ओढण्याची खूण करतो. छापील सूचना वाचून विसरतां येते. हात धरून शिकविलेली गोष्ट सहसा विसरत नाहीं.

महाराष्ट्राचा या इतिहासाशीं संबंध जुना आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्र बंधूंच्या कंपनीनें मुंबईंत माझगांव येथें विलीज जीप जोडण्याचा उद्योग हातीं घेतला. त्यानंतरच्या काळांत तालुक्याचा अधिकारी, धरणावरचा अभियंता, प्रचारास निघालेला उमेदवार, सर्वांचें वाहन जीप झालें. जेथें एस्. टी. पोंचली नव्हती तेथें ती पोंचली. पुढें ती सरकारी वाहनाप्रमाणेंच छंदाचेंही वाहन बनली, आणि मुंबई-पुण्याचे हौशी पावसाळ्यांत घाटमाथ्याच्या चिखलाकडे वळूं लागले.

येथें एक प्रश्न उभा राहतो व तो टाळून चालणार नाहीं. चिखलांतून गेलेल्या चाकांचा चर पुढील पावसांत ओहोळ होतो. आपल्या सह्याद्रीच्या सड्यांवर जांभ्या खडकावर मातीचा थर बोटभर असतो. त्या बोटभर मातींत भाद्रपदांत जी फुलें येतात, त्यांच्यासाठीं साताऱ्याजवळील कासचें पठार प्रसिद्ध आहे. २०१२ सालीं पश्चिम घाटाच्या जागतिक वारशांत त्याचाही समावेश झाला. अशा जागीं एका गाडीची फेरी म्हणजे कित्येक वर्षांच्या मातीची हानि. अमेरिकेच्या वनखात्यानें १९८५ सालीं 'ट्रेड लाइटली', म्हणजे हलक्या पावलानें चाला, या नांवाची मोहीम सुरू केली, ती याच कारणानें. म्हणून आंखलेल्या जागेंतील, मालकाच्या संमतीनें होणारा सारथ्य-दिवस हाच या हौसेचा सभ्य मार्ग होय. ज्याला जमीन वाचतां येते, त्याला कोठें जाऊं नये हेंही वाचतां आलें पाहिजे.

आपल्या परंपरेंत सारथ्य ही हलकी कला मानलेली नाहीं. महाभारतांत कर्णाला शल्यासारखा राजा सारथि म्हणून हवासा वाटला, आणि अर्जुनानें तर सबंध सेना सोडून एका सारथ्याची निवड केली. रथ बलवान् असून भागत नाहीं, हें तेव्हांपासून ठाऊक असलेलें सत्य आहे. चार चाकांची गाडी दोन चाकांच्या गाडीपेक्षां अधिक दूर जाते खरी. परंतु शेवटीं ती रुतते तेव्हां तीही वस्तीपासून तितक्याच अधिक दूर रुतते. म्हणून तिच्या धन्यास शिक्षणही अधिक हवें. तें शिक्षण जेथें चुकीची किंमत दहा गुणांपलीकडे जात नाहीं, जेथें हंसणारे लोकच मदतीसही धांवतात, अशा मैत्रीच्या मैदानांत मिळावें हें उत्तम. एरवीं तोच धडा एखाद्या घाटाच्या कड्यावर, अंधारांत, एकट्यानें घ्यावा लागतो, आणि तेथें परीक्षक दंडाचा आंकडा लिहून थांबत नाहीं.